सोड म्हटलं तरी तिने छत्री सोडली नाही

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये घराच्या तळघरात माझं शिवणकाम चालतं. एरवी ब्लाउज, फॉल-पिको, घागऱ्याची उंची कमी करणं. ऑक्टोबर लागला की मात्र तीन ते सहा वर्षांची गिऱ्हाइकं येतात, हॅलोविनच्या पोशाखासाठी. 31 ऑक्टोबरच्या या सणाला मुलं सोंगं घेऊन घरोघरी खाऊ मागत फिरतात. तयार पोशाख दुकानात ढिगाने मिळतात, पण या वयाच्या मुलांना जे व्हायचं असतं ते दुकानात टांगलेलं नसतं. एकाला कचऱ्याचा हिरवा ट्रक व्हायचं होतं, एकीला तिच्या आजीची शिवणाची पेटी.

मोठ्यांचा पोशाख लहान करून मुलांचा होत नाही. मुंढा सैल ठेवावा लागतो, कारण 31 ऑक्टोबरच्या संध्याकाळी इथे बहुतेक वेळा स्वेटर लागतो आणि तो आतून घालावा लागतो. गळ्याला नाडी मी कधीच लावत नाही, मागे वेल्क्रो लावते, ओढलं की सुटलं पाहिजे. फोम भरलेलं पोट किंवा पाठ वेगळी शिवते, म्हणजे गाडीत बसताना ती काढून सीटचा पट्टा मुलाच्या अंगालगत बांधता येतो. मुखवटा नाही. तोंडावर रंग लावा म्हणते, मुलाला पायऱ्या दिसल्या पाहिजेत.

आणि प्रत्येक कापडाची चिंधी चिमट्यात धरून, सिंकवर, काडीने जाळून बघते. सुती कापडाला जळक्या कागदाचा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. पॉलिएस्टर ज्योतीपासून आक्रसतं, वितळतं, त्याचा कडक काळा मणी होतो. लोकर केसांसारखी वास मारते आणि काडी बाजूला घेतली की बहुधा आपली आपण विझते. ॲक्रिलिक भडकतं आणि त्याचे पेटते थेंब खाली पडतात, म्हणून ॲक्रिलिकचं फेल्ट, म्हणजे दाबून केलेलं जाड कापड, मी घरातच आणत नाही. नेट नायलॉनचं असलं तरी जपून, कारण जाळीला चहूबाजूंनी हवा मिळते.

ही सवय मला एका जुन्या गोष्टीने लावली. 1940च्या दशकात अमेरिकेत मुलांचे काउबॉयचे पोशाख विकले जात. पायांवर रेयॉनची लव असलेलं झुबकेदार कापड असायचं. ते ठिणगीने पेटायचं, आणि त्यात मुलं गेली. अशाच अपघातांतून 1953चा ज्वालाग्राही कापडांचा कायदा आला. पुढे मुलांच्या रात्रीच्या कपड्यांसाठी फार कडक नियम झाला: कापड आग न धरणारं हवं, नाहीतर कपडा अंगाला घट्ट बसणारा हवा. हॅलोविनच्या पोशाखाला मात्र रोजच्या कपड्यांचाच नियम. जो कपडा घालून मूल अंथरुणात झोपणार त्याची एवढी काळजी, आणि जो घालून ते आत मेणबत्ती पेटवून दारात ठेवलेल्या भोपळ्यांमधून घरोघर फिरणार त्याची नाही. मला हे आजही पटत नाही. आणि घरी शिवलेला पोशाख तर कोणीच तपासत नाही, शिवणाऱ्या बाईशिवाय.

2024 साली एक नाशिककडची आई चार वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीला जेलीफिश व्हायचं होतं. लहान मुलांची पारदर्शक घुमटाकार छत्री, आत बॅटरीवरची दिव्यांची माळ आणि कडेने लोंबणाऱ्या नेटच्या आणि ऑर्गेंझाच्या पट्ट्या. मी पट्ट्या गुडघ्यापर्यंत ठेवू म्हटलं. आईने मोबाइलवर फोटो दाखवला, त्यात त्या घोट्याला लागत होत्या. "काकू, लांब असल्या तरच जेलीफिश वाटते हो." शेवटी गुडघ्याच्या खाली चार इंचांवर आमचं जमलं. चोवीस पट्ट्या झाल्या. प्रत्येक पट्टी टेपमध्ये धरून तिहेरी टीप मारली. छत्रीच्या काड्यांच्या टोकांना फेल्टचे गोळे शिवले, डोळ्यात जायला नकोत म्हणून. ते काम मला फार आवडलं होतं.

ट्रायलला पोरगी अंगणात धावली आणि वाऱ्याने छत्री उलटली. ती रडवेली झाली. मी तिच्यासमोर उकिडवी बसले, तिचे दोन्ही हात दांड्यावर ठेवले आणि म्हटलं, "अशी घट्ट धरायची. काहीही झालं तरी सोडायची नाही हं." ती म्हणाली, "नाही सोडायची." घोकून दोनदा म्हणाली.

त्या वर्षी हॅलोविन आणि नरक चतुर्दशी एकाच दिवशी आली, गुरुवारी. सगळा ऑक्टोबर कोरडा गेला होता, पानं पायाखाली कुरकुरत होती, आणि त्या संध्याकाळी चक्क उकडत होतं. मुलं स्वेटरशिवाय बाहेर पडली. सहाच्या सुमाराला अंधारलं तेव्हा माझ्या पायऱ्यांच्या कडेने मातीच्या पणत्या पेटलेल्या होत्या आणि वरच्या पायरीवर चॉकलेटांचा वाडगा. पोशाख दाखवायला ती मुद्दाम माझ्याकडे आली. फार सुंदर दिसत होती. वर येऊन वाडग्यात बघायला वाकली आणि छत्री पुढे झुकली. एका बाजूच्या पट्ट्या पणत्यांवरून फिरल्या.

माझं लक्ष होतं. पण दिव्यांच्या माळेत आणखी एक दिवा लागल्यासारखं वाटलं. तो दिवा वर सरकला तेव्हा कळलं.

मी ओरडले, "सोड! छत्री सोड!" तिने दांडा दोन्ही हातांनी आणखी घट्ट धरला. मी ओढली, तर तीही ओढायला लागली. पट्टी तोडायला गेले, तिहेरी टीप तुटेना. शेवटी पेटलेली पट्टी मुठीत धरून दाबली. आईने मागून मुलीला उचललं, तेव्हा कुठे छत्री सुटली. वितळलेलं नायलॉन तळहाताला चिकटलं. ते ओढून काढायचं नसतं एवढं भान होतं. वीस मिनिटं नळाखाली हात धरून उभी राहिले, मग दवाखान्यात गेलो. मुलीला कुठेही काही झालं नाही. ती रडत होती ती छत्रीसाठी.

आई नंतर डबा घेऊन आली. "काकू, तुम्ही होतात म्हणून." तिचं चार इंचांचं बोलणं माझ्या मनात एकदाही आलं नाही असं नाही, पण हो म्हणणारी मीच होते. गुडघ्यापर्यंतच्या पट्ट्यासुद्धा वाकल्यावर पणतीपर्यंत गेल्याच असत्या. मी मुलीचं माप घेतलं, छत्री झुकल्यावरचा घेर मोजलाच नाही. आणि वेल्क्रोपासून टिपेपर्यंत सगळ्याचा विचार करून, मी चार वर्षांच्या पोरीला शिकवलं काय, तर सोडायची नाही. तिने माझं अक्षरशः ऐकलं. हे मी तिच्या आईला अजून सांगितलेलं नाही.

आता लोंबणारी कुठलीही गोष्ट मी पक्की शिवत नाही, हिसडा दिला की निघेल अशा कच्च्या टाक्यावर अडकवते. एखादी पट्टी रस्त्यात गळून पडते आणि आया तक्रार करतात, करू देत. दारात बॅटरीच्या पणत्या असतात. आणि ट्रायलला मुलांना एक खेळ खेळायला लावते: मी "सोड" म्हटलं की हातातलं खाली टाकायचं, काठी असो, छत्री असो. पाच-सहा वेळा. बहुतेक मुलं पहिल्यांदा सोडत नाहीत, आईकडे बघतात.

छत्री अजून माझ्या तळघरात आहे, तेवीस पट्ट्यांची. मागच्या महिन्यात आईचा फोन आला, धाकटीलाही जेलीफिश व्हायचंय, एक पट्टी लावून द्याल का. बघते म्हटलं. तेवीसही पट्ट्या उसवायला घेतल्यात.