ड्युटी चार्टमधला दुपारचा रकाना

लहानमोठ्या शहरांना विजेवरच्या बससेवेचे नियोजन करून देणे आणि त्या बसची वीज शक्यतो सूर्य-वाऱ्यापासून मिळावी यासाठी धडपडणे, हे माझे काम आहे. आषाढातल्या त्या दिवशी नाशिकमधील एका बस आगारात आम्ही आमचा आराखडा मांडणार होतो आणि तो ऐकायला आसपासच्या नगरपरिषदांचे अधिकारीही आले होते. रात्रभर पावसाची झड लागली होती. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी चढल्याचे रिक्षावाल्या दादांनी वाटेतच सांगितले.

आमचा हिशेब असा होता. बारा मीटर लांबीच्या बसला किलोमीटरमागे साधारण १.२ युनिट वीज लागते. वीस गाड्या रोज प्रत्येकी १८० किलोमीटर धावल्या आणि चार्जिंगमधली गळती धरली, तर दिवसाची गरज ४,८०० युनिटच्या घरात जाते. शेडच्या पत्र्यावर ३०,००० चौरस फूट मोकळी जागा होती. तिच्यावर ३०० किलोवॅटची पॅनेल बसतात आणि आपल्याकडे एक किलोवॅट वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिट देतो. म्हणजे १,२०० युनिट, गरजेच्या एक चतुर्थांश.

एका नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांनी लगेच विचारले, "मॅडम, मग उरलेली वीज एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रातली, कोळशाचीच ना? गावातला धूर उचलून दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवल्यासारखे झाले." प्रश्न रास्त होता. मी उत्तराची जुळवाजुळव करत असताना मागे उभे असलेले वाहतूक नियंत्रक पुढे आले. एसटीत उमेदवारी केलेले, निवृत्तीला टेकलेले गृहस्थ. ते म्हणाले, "मॅडम, उरलेल्या विजेचे नंतर बघू. जी १,२०० युनिट तुम्ही म्हणता, ती तरी गाडीत कशी भरणार? पहिली गाडी पहाटे पाचला सुटते, शेवटची रात्री अकराला आत येते. ऊन असते तेव्हा डेपो रिकामा असतो."

आम्ही दिवसाची वीज महावितरणला द्यायची आणि रात्री तेवढी परत घ्यायची, असे नेट मीटरिंगच्या भरवशावर गृहीत धरले होते. वीजबिलापुरते ते तेव्हा चालून जात होते. पण रात्री वीसच्या वीस गाड्या एकदम चार्जरला लावायच्या म्हणजे मंजूर भार मोठा घ्यावा लागतो, रोहित्रही मोठे बसवावे लागते, आणि त्या तासांना ग्रीडमध्ये येणारी वीज बहुतांशी कोळशाचीच असते.

नियंत्रकांनी मला त्यांच्या खोलीत नेले. भिंतीवर ड्युटी चार्ट होता. पुठ्ठ्यावर चिकटवलेला, ओलीने कडा वर आलेला, लाल-निळ्या पेन्सिलीने खोडून पुन्हा लिहिलेला. बारा ते चार या वेळच्या रकान्यावर बोट ठेवत ते म्हणाले, "शाळा-कारखान्यांची सकाळची गर्दी सरलेली असते, संध्याकाळची अजून लागलेली नसते. शिफ्ट बदलायला निम्म्याहून जास्त गाड्या यायच्याच असतात. तासभर थांबवल्या तर प्रवाशाची गैरसोय होत नाही."

आम्ही तिथेच पेन्सिल घेऊन बसलो. निरभ्र दिवशी त्या चार तासांत ३०० किलोवॅटच्या संचातून सरासरी १८० किलोवॅट मिळाले, तर तीन गाड्यांना प्रत्येकी ६० किलोवॅट देता येतात. तासाला तीन, अशा चार तासांत बारा गाड्या, आणि प्रत्येकीत आणखी पन्नास किलोमीटरची बेगमी. रात्रीचा भार तेवढ्याने हलका होतो. दीड तासात त्यांनी बारा गाड्यांच्या वेळा एकही फेरी न तोडता बसवल्या. माझ्या संगणकावरच्या नकाशात ही माणसे आणि त्यांची चहाची वेळ कुठेच नव्हती, याची मला मनापासून खंत वाटली.

बाहेर पाऊस थांबला नव्हता. कार्यालयाच्या छतावरच्या २० किलोवॅटच्या जुन्या संचाचा इन्व्हर्टर मी मुद्दाम पाहिला; भर दुपारी पडद्यावर २.३ किलोवॅट होते. मग सभेत मी तोच आकडा सांगितला आणि वाऱ्याचा विषय काढला. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. आपल्याकडे वारा जून ते ऑगस्टमध्ये, म्हणजे नेमका ऊन रुसलेले असताना, सर्वांत जोरात असतो आणि तो रात्रीही वाहतो. हरित ऊर्जेच्या खुल्या प्रवेशासाठी, म्हणजे दूरच्या उत्पादकाची वीज ग्रीडमार्फत थेट विकत घेण्यासाठी, पूर्वी किमान एक मेगावॅट भाराची अट होती. २०२२च्या केंद्रीय नियमांनी ती १०० किलोवॅटवर आणली, त्यामुळे असे लहान आगारही दूरची पवनवीज ग्रीडमार्फत घेऊ शकते. वहनाचा आकार आणि इतर अधिभार भरावे लागतात, तेही मी मांडले. सूर्य आणि वारा मिळूनही काही रात्री ग्रीडचीच वीज लागेल, हे मुख्याधिकाऱ्यांना मी स्पष्ट सांगितले आणि त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले.

निघताना त्यांनी त्यांच्या गावासाठी पॅनेलचे अंदाजपत्रक मागितले. मी म्हटले, "साहेब, त्याआधी तुमच्या गाड्यांचे वेळापत्रक पाठवा." दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाइलवर त्याचे छायाचित्र आले. हाताने आखलेला तक्ता होता, आणि बारा ते चारच्या रकान्याभोवती कुणीतरी आधीच लाल पेन्सिलीने चौकट काढली होती.