आधी काडतूस, मग रायफल

रविवार, रात्र

दोनदा साबण लावून हात धुतले, तरी जळक्या बारुदाचा वास बोटांना आहेच. खांदा ठणकतोय. पण आजचा दिवस वहीत उतरवल्याशिवाय झोप येणार नाही.

चार महिने मी क्लबची बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल वापरतोय. गोळी सुटली की हात चापावरून काढायचा, बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा पोलादी दांडा, मागे ओढायचा, पुढे रेटायचा. तेवढ्यात गाल दस्त्यावरून सुटतो आणि बसलेला नेम मोडतो. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये हे मधलं काम रायफलच उरकते. चाप एकदा ओढला की गोळी एकच सुटते, पण रिकामी पुंगळी बाहेर पडून पुढचं काडतूस आपोआप चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत, बसतं. गाल जागचा हलत नाही, श्वासाची लय तुटत नाही. स्वतःची पहिली रायफल सेमी-ऑटोमॅटिक घ्यायची ती ह्यासाठी.

काकांनी आज त्यांच्या तीन रायफली हाताळू दिल्या. पहिली एम-वन गॅरंड. जॉन गॅरंड यांची रचना, अमेरिकी सैन्याने १९३६ मध्ये स्वीकारलेली. आठ काडतुसांची पत्र्याची क्लिप वरून आत दाबायची, आणि अंगठा चटकन काढून घ्यायचा, नाहीतर बोल्ट त्याच्यावरच येऊन आदळतो. आठवी गोळी सुटली की रिकामी क्लिप 'टिंग' करत हवेत उडते. तो आवाज अजून कानात आहे. दुसरी रशियन सिमोनोव्ह यांची एसकेएस, १९४५ ची. दहा काडतुसांचं कायमचं बसवलेलं मॅगझिन, लाकडी दस्ता, कुठे नाजूकपणा नाही. खांद्याला लावली आणि वाटलं, ही माझ्यासाठीच केली आहे. तिसरी पॉइंट २२ ची रुगर १०/२२, १९६४ पासून बनतेय. वजनाला अडीच किलोच्या आत, धक्का जवळजवळ नाही. तिच्यावर मी वीसेक गोळ्या झाडल्या आणि पुन्हा एसकेएसकडे वळलो.

निघताना काका म्हणाले, "एसकेएस तुला आवडली, दिसतंय मला. पण आठवड्याला गोळ्या किती झाडणार आहेस, ते सांग."

मला उत्तर देता आलं नाही.

सोमवार

आज फक्त परवान्याच्या अटी पुन्हा वाचल्या. कोणत्या जातीची रायफल, कोणत्या बोअरची, एका वेळी जवळ किती काडतुसं, कुलूपबंद कपाट कसं हवं, सगळं. रायफल मनात भरण्याआधी हे वाचायला हवं होतं. काही देशांत नियम फार कडक आहेत. ब्रिटनमध्ये १९८८ च्या कायद्यापासून सेल्फ-लोडिंग, म्हणजे सेमी-ऑटोमॅटिक, रायफल ठेवायची तर ती पॉइंट २२ रिमफायरचीच, म्हणजे बुडाच्या कडेवर पिन आपटून पेटणाऱ्या काडतुसाची. ऑस्ट्रेलियात १९९६ नंतर तीही सर्वसाधारण परवान्यावर मिळत नाही. माझ्या परवान्यात तिन्ही बसतात, पण काडतुसांच्या साठ्याची मर्यादा माझ्या समजुतीपेक्षा कमी निघाली. म्हणजे स्वस्तात मिळतात म्हणून एकदम ढीगभर आणून ठेवायची सोय नाही.

बुधवार

काकांच्या प्रश्नाचं उत्तर आज मांडलं. आठवड्याला एकदा रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, गेलो की शंभर गोळ्या. त्याखाली जाण्यात अर्थ नाही, कारण पहिल्या वीस-तीस अंग सावरण्यातच जातात. वर्षाचे बावन्न आठवडे धरले तर ५,२०० काडतुसं. दोन वर्षांत दहा हजारांच्या वर. ह्या आकड्यासमोर रायफलीची किंमत मागे पडते. रायफल एकदा घ्यायची असते, काडतुसं दर आठवड्याला. मी उलट्या टोकाने विचार करत होतो.

मग एकेक काडतूस कागदावर घेतलं.

गॅरंडचं .३०-०६. मोठं, महाग, आणि त्यातही कुठलंही चालत नाही. ह्या रायफलीत नळीतला गॅस एका लांब दांड्याला मागे ढकलतो. वजनदार गोळी आणि सावकाश जळणारं बारूद असलेली शिकारीची काडतुसं वापरली तर त्या दांड्यावर जास्त दाब येतो आणि तो वाकतो. म्हणजे गॅरंडला साजेशीच शोधायची, आणि सवलतीत दिसतील ती नेमकी तशी नसतात. गॅरंड बाजूला ठेवली. मन दुखलं, पण ठेवली.

.२२३ रेमिंग्टनच्या रायफली खूप आहेत, काडतुसंही मुबलक. इथे मी एक चूक करता करता वाचलो. एका यादीत ५.५६×४५ ची काडतुसं कमी भावात दिसली आणि दोन्ही एकच समजून मी ती टिपून ठेवली. बाहेरून मापं जवळजवळ सारखीच आहेत. पण ५.५६ च्या चेंबरमध्ये गोळीपुढे, नळीचे आटे सुरू होण्याआधी, थोडी जास्त मोकळी जागा ठेवलेली असते. तेच काडतूस .२२३ च्या चेंबरमध्ये घातलं तर दाब सुरक्षित मर्यादेच्या वर जाऊ शकतो. उलट बाजूने, ५.५६ च्या रायफलीत .२२३ चालतं. नळीवर काय कोरलंय ते वाचल्याशिवाय काडतूस विकत घ्यायचं नाही, हे मोठ्या अक्षरात लिहून ठेवतोय.

७.६२×३९, म्हणजे एसकेएसचं, .३०-०६ पेक्षा स्वस्त. पुंगळी निमुळती असल्यामुळे चेंबरमध्ये सहज शिरते आणि सहज निघते. तरी आठवड्याला शंभर म्हटलं की माझ्या बजेटबाहेर जातं. चाळीस परवडतील.

आणि पॉइंट २२ लाँग रायफल. १८८७ पासून चालत आलेलं काडतूस. आत चिमूटभर बारूद, पुढे अडीच ग्रॅमच्या आसपास शिसं, आणि पेटवणारं रसायन पुंगळीच्या बुडाच्या कडेतच भरलेलं, त्यामुळे वेगळा प्रायमर लागत नाही. करायला सोपं, म्हणून स्वस्त. ह्याचे शंभर मला डोळे झाकून परवडतात, दोनशेही. उणी बाजू एवढीच की पुंगळी एकदा वापरली की संपली. सेंटरफायरची, म्हणजे बुडाच्या मध्यात वेगळा प्रायमर बसवलेल्या काडतुसाची, पितळी पुंगळी नवा प्रायमर, बारूद आणि गोळी घालून पुन्हा भरता येते. काका तसंच करतात, म्हणून त्यांना गॅरंड परवडते. पण त्यासाठी यंत्रं लागतात, तराजू लागतो, आणि शांतपणे बसायला मोकळ्या संध्याकाळी लागतात. माझ्याकडे त्या संध्याकाळी नाहीत.

शनिवार

तरी एसकेएस डोक्यातून जाईना. आज आशेने पोलादी पुंगळीच्या स्वस्त काडतुसांची चौकशी केली. पितळेपेक्षा पोलाद स्वस्त, सरळ हिशेब. पण पोलाद पितळेसारखं फुगून चेंबरला चिकटत नाही आणि पटकन आखडतही नाही. धूर मागे येतो, चेंबर लवकर काळवंडतं, पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्यावर ताण येतो. रशियन रायफली अशाच काडतुसांसाठी केल्या असल्याने त्यांना फारसा फरक पडत नाही. फरक आमच्या रेंजला पडतो. दाराशीच एक लोहचुंबक टांगलेलं आहे. काडतुसाची गोळी त्याला चिकटली, म्हणजे गोळीच्या आवरणात पोलाद आहे, की ते काडतूस आत नेता येत नाही. ठिणग्या उडतात, गवत पेटू शकतं, मागच्या पोलादी प्लेटा खराब होतात. त्या स्वस्त डब्यातलं मी धरलेलं काडतूस चुंबकाला टक्कन चिकटलं.

मग आणखी एक गोष्ट पाहिली, ती विसरणार नाही. क्लबमधल्या एकाने जुन्या लष्करी साठ्यातला सीलबंद डबा घेतला होता. मागच्या रविवारी त्यातली साठेक काडतुसं त्याने एसकेएसमधून झाडली, घरी जाऊन नळीत तेलाची चिंधी फिरवली आणि रायफल कपाटात ठेवली. आज उघडली तर गॅसचा पिस्टन, म्हणजे गॅसच्या दाबाने बोल्ट मागे ढकलणारा दांडा, आपल्या नळकांड्यात रुतून बसलेला. काकांनी तो लाकडी ठोकळ्याने हळूहळू बाहेर काढला. अंगावर गेरूसारखी तांबडी भुकटी, बोट लावलं की खाली खडबडीत खड्डे. जुन्या लष्करी प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळलं की पोटॅशियम क्लोराइड मागे उरतं, म्हणजे मिठाच्याच जातीचा क्षार. तो हवेतली ओल ओढून घेतो आणि पोलाद खात बसतो. तेलात तो विरघळत नाही. त्याला पाणी लागतं. काकांनी आमच्यासमोर नळीतून आणि पिस्टनवरून कढत पाणी ओतलं, चिंध्या फिरवल्या, सगळं कोरडं केलं, आणि मगच तेलाला हात लावला.

"काडतुसं वाईट नव्हती रे," ते त्या मुलाला म्हणाले. "त्याच संध्याकाळी धुवायला हवं होतं."

तो मुलगा पिस्टन हातात घेऊन गप्प उभा होता. मला फार वाईट वाटलं. जुनी काडतुसं स्वस्त पडतात ती अशा संध्याकाळच्या कामाच्या बदल्यात, आणि हे डब्यावर कुणी लिहून ठेवत नाही.

रविवार

एसकेएस पुढे कधीतरी. आज मनाशी नक्की केलं आणि लगेच हलकं वाटलं.

पण पॉइंट २२ घ्यायची ठरली तरी काम संपत नाही, कारण त्यातलं सगळंच स्वस्त काडतूस सेमी-ऑटोमॅटिकला चालत नाही. १०/२२ सारख्या रायफलीत बोल्टला कुलूप नसतं. त्याचं वजन आणि मागची स्प्रिंग एवढ्यावरच तो बंद राहतो, आणि पुंगळीचा मागे येणारा धक्का त्याला उघडतो. धक्का कमी पडला की बोल्ट अर्ध्यात थांबतो. काकांकडून १०/२२ मागून घेतली, पाच प्रकारची काडतुसं आणली, आणि पन्नास मीटरवर प्रत्येकाचे दहा-दहाचे गट मारले.

मंद वेगाची, अगदी बारीक आवाजाची काडतुसं पहिली. तिसऱ्याच गोळीला बोल्ट अडला. रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीत उभी अडकलेली, धुराड्यासारखी. काढली, पुढे चाललो, सातव्याला पुन्हा तेच. ही बोल्ट-अ‍ॅक्शनसाठी उत्तम असतील, माझ्या कामाची नाहीत.

दुसरी, पाचशेच्या डब्यातली, जलद वेगाची, सर्वात स्वस्त. बोल्ट सुरेख चालला. पण दहात दोन फुसकी निघाली. चाप ओढला, 'टक' झालं, पुढे काही नाही. अशा वेळी घाई करायची नाही. नळी टार्गेटकडेच ठेवून मी मनात साठपर्यंत मोजलं, कारण कधीकधी बारूद उशिरा पेटतं. मग बोल्ट उघडला. काडतुसाच्या कडेवर फायरिंग पिनची खूण स्पष्ट होती. म्हणजे पिन बरोबर बसली होती, त्या जागी रसायनच कमी होतं. काकांनी सांगितलं तसं ते अर्धं फिरवून पुन्हा भरलं. एक पेटलं, दुसरं नाही. ज्याचा आवाज नेहमीपेक्षा दबका येतो त्याची भीती त्याहून मोठी. गोळी नळीतच राहिलेली असू शकते आणि मागून दुसरी सुटली तर नळी फाटते. तसा आवाज आला की थांबायचं, रिकामं करायचं, नळीतून उजेड दिसतो का पाहायचं.

तिसरी-चौथी बरी होती, लक्षात राहण्यासारखी नाहीत.

पाचवी साध्या वेगाची, चाळीस ग्रेनची (म्हणजे तीच अडीच ग्रॅमच्या आसपास), पुढून गोल शिशाची. आवाजाच्या वेगाच्या थोडीशी खाली जाणारी. ही बोल्ट चालवतील की नाही, शंका होती. दहाच्या दहा सुटल्या, एकही अडली नाही. टार्गेट जवळ आणलं तर सगळी भोकं दोन सेंटिमीटरमध्ये, मधली चार एकमेकांत मिसळलेली. पाचशेच्या डब्याने ह्याच अंतरावर पाच सेंटिमीटर पसरवली होती. एकाच नळीतून, एकाच हाताने. डब्याचा भाव थोडा जास्त आहे. पण फुसकी आणि भरकटलेली वजा केली तर कामी आलेल्या गोळीमागे फरक जेमतेम राहतो. मी बजेटमध्ये त्यांचीच रक्कम धरली.

काकांनी एकच जोड दिली: "आवडलेल्या डब्यावरचा लॉट नंबर, म्हणजे एका वेळी बनलेल्या खेपेचा नंबर, बघ. परवान्यात बसेल तेवढे त्याच लॉटचे घे. नाव तेच असलं तरी लॉट बदलला की नळीचं मत बदलतं."

गुरुवार

रायफल आली. १०/२२ च, साधा लाकडी दस्ता. कपाटाला कुलूप, काडतुसं वेगळ्या पेटीत, कोरड्या जागी, वेगळ्या किल्लीने. त्याच लॉटचे चार डबे मिळाले.

एक डबा उघडून काडतूस तळहातावर घेतलं. करंगळीच्या पेराएवढं. शिशावर मेणासारखा पातळ थर, बोटाला किंचित चिकट लागतो. हात धुऊन आलो आणि वहीच्या मागच्या पानावर रकाने आखले: तारीख, लॉट, अंतर, वारा, झाडलेल्या, अडलेल्या, फुसक्या, गटाची रुंदी. लॉटच्या रकान्यात डब्यावरचा नंबर उतरवला, अंतरात पन्नास लिहिलं. बाकीचे शनिवारी भरेन. रेंज आठला उघडते.