खोडलेली क्लीन शीट

बॅकला खेळणाऱ्या पोरीच्या नावावर मॅच संपल्यावर काय लागतं? गोल झाला तर फॉरवर्डचा, अडला तर गोलकीपरचा. हिच्या वाट्याला येते ती क्लीन शीट, म्हणजे एकही गोल न खाता संपलेली मॅच, तीही चौघी-पाचजणींत वाटून. 20 जानेवारी 2022 ला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर फुटबॉलच्या एएफसी महिला आशिया कपात भारताने इराणला गोल करू दिला नाही. मॅच 0-0. कॅप्टन होती मणिपूरची लोइतोंगबम आशालता देवी, जागा सेंटर बॅक, म्हणजे बचावाच्या मधोमध. तीन दिवसांत ती क्लीन शीटसुद्धा खोडली गेली.

झालं असं. यजमान म्हणून भारताला थेट प्रवेश होता, आणि 2003 नंतर पहिल्यांदाच आपण या स्पर्धेत होतो. 23 तारखेला चायनीज तैपेईशी, म्हणजे तैवानशी मॅच. तोवर संघात करोना शिरला, आणि नियमाला लागणाऱ्या किमान तेरा खेळाडूही उभ्या करता येईनात. मॅच झालीच नाही. भारत स्पर्धेतून बाद, आणि नियमाप्रमाणे त्याच्या सगळ्या मॅचेस रद्दबातल. म्हणजे इराणविरुद्धची खेळून झालेलीसुद्धा. 1980 मध्ये कोझिकोडला याच स्पर्धेची फायनल आपण याच तैपेईकडून हरलो होतो. चार दशकांनी त्यांच्यासमोर घरच्या मैदानावर उभं राहायची वेळ आली, आणि उभं राहताच आलं नाही.

मी तेव्हा नेरूळलाच राहत होते. इराणच्या मॅचच्या रात्री स्टेडियमचे दिवे गॅलरीतून दिसत होते आणि मॅच मात्र मी मोबाइलवर बघत होते. दुसऱ्या दिवशी ऑफिसात ज्यांनी बघितली होती ते सगळे एकच म्हणत होते, ‘गोल करायला पाहिजे होता.’ बरोबरच आहे, पाहिजे होता. पण माझी नजर सवयीने मागेच असते. बॉल पलीकडच्या टोकाला असला की कॅमेरा सेंटर बॅकला सोडून देतो, आणि तिचं निम्मं काम तेव्हाच चाललेलं असतं. बचावाची लाइन किती पुढे घ्यायची, डावीकडची फार वर गेली का, त्यांची एकटी फॉरवर्ड कुठे रेंगाळतेय. मधेच कॅमेरा मागे आला की आशालताचा हात वर दिसायचा, कुणाला तरी आत ओढताना.

ही सवय कोल्हापूरची. आमच्याकडे शाहू स्टेडियमवर पीटीएम आणि दिलबहार या तालमींच्या संघांची मॅच असली की अख्ख्या पेठा दुकानं टाकून जातात, हे सांगायला नको. माझ्या लहानपणी ते सगळं पोरांचं होतं. आम्ही पोरी शाळेच्या ग्राउंडवर. उंची बघून सरांनी मला स्टॉपर, म्हणजे सेंटर बॅकच, केलं आणि पहिल्याच दिवशी सांगितलं, ‘बॉलकडं बघू नको, तिच्या कंबरेकडं बघ. पाय फसवत्यात, कंबर न्हाई फसवत.’ समोरची अंगावर आली की आपण आडवं व्हायचं, एक खांदा पुढे, गुडघे किंचित वाकवून, आणि तिला बाहेरच्या रेषेकडे ढकलत न्यायचं. पाय घालायची घाई करायची नाही. घातलाच तर बॉल निघाला पाहिजे, नाहीतर पेनल्टी. हे सगळं नीट जमलं तर बघणाऱ्याला काहीच घडलेलं दिसत नाही. मी कॉलेजनंतर सोडलं. त्या काळात सोडायचंच असायचं.

आशालताने सोडलं नाही. 1993 चा जन्म, इम्फाळचा. मणिपुरात मुलीने फुटबॉल खेळणं आपल्याइतकं नवलाचं नाही, ओइनाम बेमबेम देवीसारखी मिडफिल्डर त्याच मातीतली. पण खेळणं वेगळं आणि त्यावर जगणं वेगळं. पुरुषांच्या आय-लीगवर, आयएसएलवर आपण तावातावाने बोलत होतो तेव्हा बायकांची राष्ट्रीय लीग नव्हतीच. इंडियन विमेन्स लीगचा पहिला हंगाम 2016-17 चा. आशालताला त्याआधी क्लब फुटबॉलसाठी मालदीवला जावं लागलं, न्यू रेडियंटकडे. मालदीवला! लोक तिथे हनिमूनला जातात.

2019 चं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. त्या वर्षी ती मदुराईच्या सेतू एफसीकडून खेळली आणि सेतूने लीग जिंकली, फायनलमध्ये मणिपूर पोलिसांना 3-1 ने हरवून. एआयएफएफने, म्हणजे आपल्या फुटबॉल फेडरेशनने, तिला वर्षातली सर्वोत्तम खेळाडू ठरवलं. मग आशियातल्या सर्वोत्तम महिला खेळाडूच्या पुरस्कारासाठी शेवटच्या तीन नावांत तिचं नाव आलं. बाकी दोघी कोण? चीनची ली यिंग आणि जपानची साकी कुमागाई. पुरस्कार कुमागाईला मिळाला, त्यात वाद नाही. 2011 च्या वर्ल्ड कप फायनलमधली शेवटची पेनल्टी मारून जपानला जगज्जेतं करणारी ती, आणि तेव्हा फ्रान्सच्या ल्यों क्लबकडून युरोपातली चॅम्पियन्स लीगवर चॅम्पियन्स लीग जिंकत होती. पण दोघींचं वर्ष शेजारी मांडून बघा. कुमागाईला ल्योंमध्ये अख्खा हंगाम, आठवड्यामागून आठवडा मॅच. आणि आपली लीग? 5 मे 2019 ला लुधियानात सुरू झाली, 22 मे ला संपली. एका शहरात, ऐन मे महिन्यात, सगळे संघ गोळा करून. उरलेलं वर्षभर सेंटर बॅकने पाय कुठे घासायचे? तरीही ती तिघींत होती. ‘प्रोफेशनल’ हा शब्द आपण किती सैल हाताने वापरतो, असं मला तेव्हापासून वाटतं. घरी-बाहेरी पद्धतीची लीग यायला 2023-24 उजाडलं.

आणि पुन्हा 2022. आशिया कपाच्या जखमेनंतर ती गोकुलम केरळाची कॅप्टन म्हणून भुवनेश्वरला लीग खेळली. शेवटच्या दिवशी, 26 मे ला, समोर तिचाच जुना क्लब सेतू. तिसऱ्याच मिनिटाला सेतूचा गोल. मग गोकुलमला पेनल्टी मिळाली आणि ती मारायला पुढे आली कोण, तर सेंटर बॅक. 1-1. मॅच 3-1 ने जिंकून लीग गोकुलमची. बक्षीस काय, तर ऑगस्टमध्ये उझबेकिस्तानात आशियाई क्लब स्पर्धा.

संघ ताश्कंदला पोहोचला आणि त्याच सुमारास, 16 ऑगस्टला, फिफाने एआयएफएफवर बंदी घातली. फेडरेशनच्या कारभारात बाहेरच्यांचा हस्तक्षेप, हे कारण. पोरी किट घेऊन परदेशात बसलेल्या, क्लबने थेट पंतप्रधानांना जाहीर पत्र लिहिलं. उपयोग झाला नाही, न खेळता परत आल्या. 26 ऑगस्टला बंदी उठली. दहा दिवस! एवढ्यासाठी एका क्लबचं वर्ष गेलं. आजार कुणाच्या हातात नसतो, असं म्हणून जानेवारी पचवता येतो. ऑगस्टचं मला अजून पचलेलं नाही. खुर्च्यांची भांडणं कुणाची आणि बॅगा भरून परत कोण आलं.

ऑक्टोबर 2024 मध्ये काठमांडूच्या दशरथ स्टेडियमवर दक्षिण आशियाच्या सॅफ स्पर्धेत पाकिस्तानविरुद्ध तिने शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना खेळला. शंभरावर पोहोचलेली पहिली भारतीय बाई. मॅच 5-2 ने जिंकली. म्हणजे शंभराव्यालाही क्लीन शीट नाहीच, दोन गोल खाल्ले. पेपरात शंभराव्याची बातमी आली ती फॉरवर्ड बाला देवीच्या पन्नासाव्या गोलाबरोबर जोडून. तेही ठीकच, दोघी मणिपूरच्याच.

गेल्या महिन्यात भाचीचा कोल्हापूरहून फोन. बारा वर्षांची आहे, आता तिथे पोरींचंही कोचिंग चालतं. नव्या कोचने तिला फॉरवर्डवरून काढून स्टॉपर केलंय म्हणून रडारड. ‘मावशी, मागं उभं राहून काय करू?’ मी तिला म्हटलं, थांब, तुला एकीचा व्हिडिओ पाठवते, ती शंभर मॅच मागेच उभी होती. तासभर शोधलं. लाइन पुढे घेताना, कुणाला बाहेर ढकलत नेताना, हात वर करून ओरडताना, असलं काही धड मिळेना. शेवटी जे सापडलं तेच पाठवलं, सेतूविरुद्धची पेनल्टी. भाचीचा उलट मेसेज आला, ‘ही तर गोल मारतेय की!’