गॅप बरोबर, तरी मिसिंग

गाडी जुनी, चार सिलिंडरची, पॉइंटवाली, म्हणजे प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधले दोन कॉन्टॅक्ट (पॉइंट) उघडले की कॉइल ठिणगी देते, अशी. मालकांनी प्लग, कॉइल, कंडेन्सर, कॅप, रोटर सगळं बदललं होतं, पॉइंटचा सेट तर दोनदा. तरी आयडलला गाडी थरथरायची आणि जरा वेग घेतला की मिसिंग, म्हणजे मधूनच ठिणगी चुकणं, सुरू.

“गॅप मी स्वतः लावलाय, १५ थाऊ,” ते म्हणाले. गॅप म्हणजे पॉइंट पूर्ण उघडल्यावरचं अंतर, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. मी कॅप काढून बघितलं. पॉइंटचा फायबर (कॅमवर घासणारा तुकडा) शाफ्टवरच्या कॅमच्या बरोबर टोकावर आणून अंतर मोजायच्या फीलर गेजची पाती घातली. हलकी घासत, न अडकता निघाली. १५ थाऊ, म्हणजे ०.३८ मिलिमीटर. इतक्या निगुतीने लावलेला गॅप मला फार कमी वेळा दिसतो, आणि तसं मी त्यांना सांगितलंही.

मग ड्वेल मीटर जोडला. पॉइंट मिटलेले असतात तेवढाच वेळ कॉइलला मिळतो, आणि या डिस्ट्रिब्युटरला हा काळ, म्हणजे ड्वेल, शाफ्टच्या फिरण्यात ६० अंशांच्या आसपास हवा. आयडलला होताही तेवढा. पण रेस दिली की काटा एका जागी थांबेना. ठिणगीची वेळ दाखवणारा टायमिंग लाइट मारला तर पुलीवरची खूणही पुढे-मागे नाचत होती. इथे पॉइंटचा दोष नाही, हे तेव्हाच कळलं.

इंजिन बंद केलं, पाती पुन्हा गॅपमध्ये ठेवली आणि शाफ्टचं वरचं टोक बोटांनी आडवं ढकललं. पाती एकदम सैल! उलट्या बाजूला ढकललं तर घट्ट पकडली गेली. “आता तुम्ही करून बघा,” म्हणालो. त्यांनी दोन-तीनदा शाफ्ट हलवला आणि नुसते बघत राहिले.

शाफ्टला धरणारा वरचा बुश पार खाल्लेला होता. पिव्हॉटपासून फायबर जवळ आणि कॉन्टॅक्ट लांब, त्यामुळे शाफ्ट जेवढा हलेल त्याहून जास्त गॅप हलतो. ३००० आरपीएमला चार सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला १०० ठिणग्या पडतात, म्हणजे दर दहा मिलिसेकंदांना एक, आणि त्यातले कॉइल भरायला साडेसहा मिलिसेकंदांच्या आसपास. गॅप वाढला की तेवढेही मिळत नाहीत, शिवाय पॉइंट लवकर उघडून टायमिंग पुढे सरकतं. गॅप कमी झाला की उलटं, आणि वर पॉइंट जळतात. दोन सेट वाया गेले ते यातच.

रोटरखाली तेलाचे दोन थेंब सोडायची जागा कोरडी ठणठणीत होती. इतक्या छोट्या गोष्टीपायी चांगला डिस्ट्रिब्युटर मरतो, याचं मला दरवेळी वाईट वाटतं.

सच्छिद्र ब्राँझचे नवे बुश रात्रभर तेलात भिजत ठेवले आणि दुसऱ्या दिवशी बसवले. कॅमला किंचित ग्रीस लावलं, कॉन्टॅक्टला त्याचा स्पर्शही होऊ न देता. आधी गॅप, मग टायमिंग. हा क्रम उलटा केला तर टायमिंग पुन्हा लावावं लागतं. गॅप मी त्यांनाच लावायला दिला. या वेळी रेस दिल्यावर काटा हलला नाही.

नवा फायबर कॅमवर बसताना थोडा झिजतो आणि गॅप कमी होतो. म्हणून हजारेक किलोमीटर चालल्यावर गॅप परत तपासायला सांगून मी गाडी दिली.