रात्रीचे तीन वाजायला आले तरी मॅच चालूच!

काल "दोन इनिंग बघतो आणि झोपतो" म्हणून बसलो, आणि आमच्या टोरांटोत पहाटेचे तीन वाजायला आले. बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजची (तिकडची फायनल) तिसरी मॅच, बरोबरी सुटेना म्हणून नवाच्या जागी 18 इनिंग, 6 तास 39 मिनिटं! समोरच्या टीमचा, लॉस एंजेलिस डॉजर्सचा ओतानी नऊ वेळा बॅटिंगला आला, नऊही वेळा बेसवर (धावेच्या वाटेवरचा थांबा) पोचला. 2 डबल (एका फटक्यात दुसरा बेस), 2 होमरन (आपल्या सिक्सरसारखा थेट मैदानाबाहेर), मग 5 वॉक (वाइड बॉलांमुळे फुकट मिळणारा पहिला बेस). त्यातले 4 तर आपल्याच टोरांटोच्या ब्लू जेजनी धसका घेऊन मुद्दाम दिलेले. (गल्लीत आम्हीही तगड्या पोराला असेच लांब वाइड टाकायचो.) शेवटी डॉजर्सच्याच फ्रेडी फ्रीमननं होमरन ठोकला. डॉजर्स 6, ब्लू जेज 5. बायको डोळे चोळत दारात, "अजून संपली नाही?" सकाळच्या मीटिंगला कॅमेरा बंद ठेवलाय. हा तिसरा चहा.