नेगेटिव्हचं कॅमेरा-स्कॅनिंग, नोंद ३: पाणसळ पुरत नाही

कॅमेरा-स्कॅनिंग म्हणजे फिल्मच्या नेगेटिव्हचा डिजिटल कॅमेऱ्याने जवळून फोटो घेणं. त्यासाठी स्टँड, लेन्स आणि फिल्म होल्डर मागच्या दोन नोंदींत जमले. चाचणीच्या फ्रेममध्ये मधोमध ग्रेन (फिल्मवरचे बारीक कण) स्पष्ट दिसतोय, उजवी कड मात्र मेण लावल्यासारखी. अशा वेळी पहिला संशय लेन्सवर जातो आणि नव्या लेन्सचा शोध सुरू होतो. थांबा. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर लेन्सला बोल लावा. एकच बाजू गेली असेल तर कॅमेरा तिरका आहे.

आकडे बघा. फिल्मची फ्रेम ३६ × २४ मिमी. तेवढ्याच आकाराच्या, म्हणजे फुल फ्रेम, सेन्सरवर १:१ ला (सेन्सरवर फिल्मएवढंच चित्र), एफ/८ ठेवून (हा लेन्सच्या छिद्राचा आकडा; आकडा मोठा तितकं छिद्र लहान), एका पिक्सेलइतकीच (२४ मेगापिक्सेलला सुमारे ६ मायक्रॉन) धूसरता चालवून घ्यायची म्हटलं तर फोकसची खोली (जेवढ्या जाडीत सगळं स्पष्ट दिसतं ती) जेमतेम ०.२ मिमी मिळते. कॅमेरा १ अंश कलला की ३६ मिमीच्या दोन टोकांत ०.६ मिमीचा फरक पडतो. म्हणजे तिप्पट. छोट्या पाणसळीत अर्धा अंश नजरेतून सहज निसटतो. शिवाय ती हॉट शूवर (कॅमेऱ्याच्या डोक्यावरची फ्लॅशची खाच) ठेवली तर हॉट शूची पातळी कळते, सेन्सरची नाही.

अ‍ॅपर्चर एफ/१६ करून खोली वाढवायचा मोह टाळा. १:१ ला एफ/८ चा परिणाम एफ/१६ इतका होतो, एफ/१६ चा एफ/३२ इतका. मग डिफ्रॅक्शनने (बारीक छिद्रातून उजेड पसरल्याने) सगळीच फ्रेम सारखी मऊ होते. हा काही इलाज नव्हे.

खरा इलाज आरसा. होल्डरवर फिल्मच्या जागी छोटा सपाट आरसा ठेवायचा आणि लाइव्ह व्ह्यूमध्ये ग्रिड चालू करायची. लेन्सला स्वतःचंच तोंड दिसतं. ते वर्तुळ फ्रेमच्या बरोबर मध्यावर येईपर्यंत कॅमेरा कलवत राहायचा. प्रतिबिंब दुप्पट अंतरावर असल्यामुळे ते धूसर दिसणारच. फोकस रिंग लांबच्या बाजूला फिरवली की कडा स्पष्ट होतात, आणि अ‍ॅपर्चर बारीक केलं तर आणखी. वर्तुळ मध्यावर आलं की स्क्रू आवळा आणि पुन्हा बघा, कारण बॉल हेड (कॅमेरा कलवणारा गोल सांधा) आवळताना हमखास थोडं सरकतं. आरसा जाड असेल तर त्याचा पृष्ठभाग होल्डरला समांतर आहे ना, याची खात्री करा: आरसा जागच्या जागी अर्धा फिरवा, वर्तुळ हललं तर आरशातच खोट आहे.

लेन्सबद्दल थोडक्यात. एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्याला पूर्ण १:१ लागत नाही. सेन्सर साधारण २३.५ मिमी रुंद, म्हणून ०.६५ पट पुरे. नुसत्या १:२ वर थांबलात तर फिल्म सेन्सरचा सुमारे ५९ टक्केच भाग व्यापते, बाकीचे पिक्सेल फुकट. १:२ पर्यंत जाणारी जुनी ५५ मिमी मॅन्युअल मॅक्रो लेन्स असेल तर १२ मिमीची एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्स यांच्यामधली पोकळ नळी) लावा: १२ भागिले ५५, म्हणजे ०.२२ ची भर, एकूण ०.७२. काम झालं. साध्या ५० मिमीला ट्यूबा जोडूनही चित्र येतं, पण तिचं फोकसचं प्रतल वक्र असतं आणि कोपरे मऊ पडतात. तिथे आरसाही काही करू शकत नाही.

आता उजेड. एलईडी पॅनल घेताना रंगनिष्ठेचा आकडा, म्हणजे सीआरआय, ९५ च्या वर असावा. टॅब्लेटचा पडदा वापरायचाच असेल तर फिल्म त्याच्यापासून ४-५ सेंमी उंच धरा आणि मधे दुधी अ‍ॅक्रिलिक घाला, नाहीतर आकाशाच्या जागी पिक्सेलची जाळी उमटते. पॅनल मंद करू नका. बरीच पॅनलं मंद होताना खरं तर वेगाने लुकलुकतात आणि इलेक्ट्रॉनिक शटरवर आडवे पट्टे येतात. पूर्ण उजेड, आयएसओ १००, शटर १/१५ च्या आसपास. शटर इतकं संथ म्हणून २ सेकंदांचा टायमर लावायचा आणि ट्रायपॉडवर असल्याने लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद.

होल्डरभोवती उघडं राहिलेलं पॅनल काळ्या कार्डाने झाका आणि खोलीतला दिवा घालवा. इतक्यानेच चित्राचा फिकटपणा जातो; विश्वास बसत नसेल तर झाकून आणि न झाकता एकच फ्रेम घेऊन बघा.

एक्स्पोजर प्रत्येक फ्रेमला वेगळं मोजायचं नाही. रोलच्या कडेची कोरी नारिंगी पट्टी ही फिल्मची सगळ्यात उजळ जागा. तिच्यावर हिस्टोग्राममध्ये (उजेडाच्या आलेखात) लाल चॅनेल उजवीकडे न कापता एक्स्पोजर जितकं वाढवता येईल तितकं वाढवा, कारण नारिंगी थर निळा उजेड अडवतो आणि निळ्या चॅनेलला आधीच कमी मिळतं. तिथेच नॉइज साचतो. व्हाइट बॅलन्सही त्याच पट्टीवर. मग सगळं मॅन्युअल, अख्ख्या रोलला एकच, आणि फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली).

फिल्मची न चकाकणारी बाजू, म्हणजे इमल्शन (चित्राचा थर), लेन्सकडे. चित्र आडवं उलटं येतं, ते नंतर एका क्लिकमध्ये सुलटं होतं. चकचकीत बाजू काचेला टेकली तर तेलाच्या तवंगासारखी इंद्रधनुषी वर्तुळं येतात, म्हणून शक्यतो काच नकोच. फोकस १० पट मोठं करून ग्रेनवर, आणि तोही एफ/८ वर ठेवूनच. काही लेन्सचा फोकस अ‍ॅपर्चर बदलताच सरकतो. दर पट्टीला एकदा तपासलं की पुरे.

धूळ हीच या पद्धतीची खरी उणीव. स्कॅनरमधली इन्फ्रारेड सफाई (अदृश्य उजेडाने धूळ ओळखून ती चित्रातून पुसणं) इथे नाही (चांदीच्या कृष्णधवल फिल्मवर ती तशीही चालत नाही). रबरी ब्लोअर आधी, मऊ ब्रश नंतर. हवेचा डबा तिरका धरला तर आतलं द्रव फिल्मवर उडतं.

बाकी राहिली १२० ची, म्हणजे जास्त रुंद, फिल्म. तिच्यावरची ‘६ × ६’ (सेंमी) म्हटली जाणारी फ्रेम प्रत्यक्षात ५६ मिमी चौरस, म्हणून दोन-तीन तुकड्यांत घेऊन जोडायची. तुकड्यांमध्ये तिसरा हिस्सा सामाईक ठेवा आणि कॅमेऱ्याला हात न लावता होल्डरच सरकवा. कॅमेरा हलला की आरशाने पुन्हा जुळवावं लागतं.