दाखला, गठ्ठे आणि सुटे : घरशाळेच्या पहिल्या वर्षाची टिपणं

१ मे
निकालाचा दिवस. झेंडावंदन आटोपलं की जिल्हा परिषदेच्या शाळांत प्रगतिपुस्तकं हातात पडतात. जूनपासून मूल शाळेत जाणार नाही असं ज्या घरात ठरलंय, तिथली कामं आजपासूनच सुरू होतात. घरी काय शिकवायचं यावर लोक वर्षभर खल करतात आणि शाळा सोडल्याचा दाखला मात्र न वाचताच फायलीत ठेवून देतात.

दाखला मागण्याआधी शाळेच्या जनरल रजिस्टरमधली, म्हणजे मुलांच्या नोंदवहीतली, नोंद डोळ्यांनी पाहावी. मुलाचं पूर्ण नाव, आईचं नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, जन्मस्थळ तालुक्या-जिल्ह्यासह, जात-पोटजात. जन्मदाखला आणि आधार शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडायचं. मूल पटावर असेपर्यंत दुरुस्ती त्या मानाने सोपी असते. एकदा शाळा सुटली की शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता, प्रतिज्ञापत्र, हेलपाटे. सोबत प्रवेश-निर्गम उताराही मागून ठेवावा, पुढे जातीच्या दाखल्याला तोच लागतो.

‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यात ‘पालकांच्या विनंतीवरून’ एवढंच पुरे. ‘सतत गैरहजर’ लिहिलं जात असेल तर तिथल्या तिथे हरकत घ्यावी. आणि कृपा करून दाखला लॅमिनेट करू नये. उद्या सतरा नंबरचा (शाळेबाहेरून परीक्षेला बसण्याचा) फॉर्म भरून दहावीला बसायचं ठरलं तर मूळ दाखलाच द्यावा लागतो.

६ मे
मुख्याध्यापक दाखला द्यायला का-कू करतात, त्यात आडमुठेपणापेक्षा अडचण जास्त असते. नव्या शाळेचं मागणीपत्र आलं की दाखला द्यायचा, ही रुळलेली पद्धत. घरशाळेचं मागणीपत्र देणार कोण?

शिवाय पट. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि ६१ ते ९० ला तीन असं प्रमाण आहे. पट ६१ चा असेल आणि एक मूल कमी झालं, तर एका शिक्षकाच्या जागेवर प्रश्नचिन्ह लागू शकतं. गावातल्या गुरुजींचा चेहरा का पडतो, हे त्यावरून समजून घ्यावं. वाद न घालता लेखी अर्ज द्यावा, एका प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी.

‘सरल’ या राज्याच्या ऑनलाइन नोंदीतला १९ अंकी विद्यार्थी क्रमांक आणि यू-डायस या केंद्राच्या नोंदीतला ११ अंकी पेन नंबर (मुलाचा कायमचा शैक्षणिक क्रमांक) वहीत उतरवून घ्यावा. शाळा सोडलेल्या मुलाची ऑनलाइन नोंद ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये जाते. परत शाळेत घालायचं झालं तर नवी शाळा पेन नंबर आणि जन्मतारीख टाकून तिथूनच ती ओढून घेते. नंबर हाताशी नसला की शोधाशोध, नाहीतर दुहेरी नोंद.

१६ जून
काल शाळा उघडल्या. विदर्भात अजून वेळ आहे.

‘हे कायद्यात बसतं का?’ हा प्रश्न या आठवड्यात नातेवाईक हमखास विचारतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात घरशाळा हा शब्दच नाही, मनाईचा नाही आणि परवानगीचाही नाही. कलम १० प्रमाणे ६ ते १४ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य आहे, पण ते न केल्याबद्दल पालकाला शिक्षा सांगितलेली नाही. सक्तीचा भार कायद्याने सरकारवर टाकलाय. म्हणजे हा रस्ता आहे, पण त्यावर पाटी नाही. ‘पूर्ण कायदेशीर आहे’ असं छातीठोक सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये आणि ‘पोलीस येतील’ म्हणणाऱ्यावरही नाही.

९ जुलै
बहुतेक घरांत याच सुमारास भिंतीवरचं वेळापत्रक उतरतं. सकाळी १० ते ५, आठ तासिका, मधली सुट्टी: शाळा सोडली आणि शाळाच घरी आणली. चूक हिशोबाची आहे. ३५ मिनिटांची तासिका तीस मुलांसाठी असते. हजेरी, वह्या काढणं, फळा उतरवणं, मागच्या बाकावरचा दंगा, हे सगळं त्यात आलं. समोर एकच मूल असेल तर तेवढाच भाग दहा-बारा मिनिटांत उरकतो. उरलेला वेळ भरायला पालक पुढचा धडा घेतात, मग त्याच्या पुढचा. दिवाळीपर्यंत पुस्तक संपतं आणि संक्रांतीपर्यंत पोर सगळं विसरलेलं असतं.

प्राथमिकच्या मुलाला बसून शिकायला दिवसाला दीड-दोन तास भरपूर झाले. पहिले काही आठवडे तेही नकोत. शाळेच्या प्रत्येक वर्षामागे एक महिना मोकळा सोडावा, असा घरशाळेवाल्यांत चालत आलेला अंदाज आहे. तो शास्त्र म्हणून नव्हे, पालकांना आवर म्हणून उपयोगी.

पुस्तकांचं सोपं आहे. बालभारतीची सगळी पुस्तकं पीडीएफ रूपात फुकट मिळतात. पण छापून घेण्याच्या फंदात पडू नये. रंगीत प्रिंटच्या खर्चात छापील संच येऊन वर पैसे उरतात. वाचायला ‘किशोर’चे जुने अंक, १९७१ पासूनचे.

२२ जुलै
आज फक्त वजाबाकी.

५२ − २७. मूल उत्तर लिहितं ३५. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. त्याने चूक केलेली नाही, एक नियम पाळलाय: मोठ्यातून लहान वजा करायचं. नियम चुकीचा आहे, हे सांगून कळत नाही.

आइस्क्रीमच्या काड्या घ्याव्यात, शंभर. दहा-दहाचे गठ्ठे रबरबँडने बांधायचे. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या समोर ठेवायच्या आणि म्हणायचं, यातल्या सत्तावीस मला दे. मूल दोन गठ्ठे देतं, मग सात सुट्या शोधतं आणि अडतं. इथे आपण गप्प बसायचं. निम्मी घरं इथेच फसतात, कारण आईबाप पटकन ‘हातचा घे’ म्हणून मोकळे होतात. थोड्या वेळाने मूल आपणहून एक रबरबँड काढतं. आता सुट्या बारा. सात दिल्या, पाच उरल्या, गठ्ठे दोन. पंचवीस. हे असं आठ-दहा वेळा झाल्याशिवाय वहीला हात लावायचा नाही. रबरबँड खरोखर काढावा लागला पाहिजे. आधीच सुट्या काड्यांचा ढीग दिला तर सगळी गंमत जाते आणि गणितही.

मराठीत आणखी एक खोच आहे. ‘त्रेसष्ट’ म्हणताना तीन आधी ऐकू येतो, म्हणून मूल ३६ लिहितं. ‘एकोणसाठ’मध्ये साठ ऐकलं की ६९. बालभारतीने २०१९ च्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस तीन’सारखं वाचन सुचवलं तेव्हा केवढी ओरड झाली. टिंगल सोपी होती, पण अडचण खरी आहे. घरी दोन्ही म्हणून घ्यावं: साठ आणि तीन, त्रेसष्ट.

२ सप्टेंबर
शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला शिक्षक दारात येतात. दार लावून घेऊ नये. त्यांना यादी पुरी करायची असते. दाखल्याची झेरॉक्स, अर्जाची पोच आणि महिन्यावार कामाची फाईल दाखवावी. फाईल म्हणजे मुलाच्या हस्ताक्षरातली, तारीख घातलेली पानं, आठवड्याला तीन-चार. फोटोंचे अल्बम कुणी बघत नाही.

१८ ऑक्टोबर
मुक्त शाळा, म्हणजे एनआयओएस: रोज शाळेत न जाता परीक्षा देता येणारी केंद्र सरकारची संस्था. खालच्या टप्प्यांवर ए, बी, सी अशा पातळ्या आहेत, अनुक्रमे तिसरी, पाचवी, आठवीच्या बरोबरीच्या. दहावीला वय १४ पूर्ण हवं. आठवीचं प्रमाणपत्र नसेल तर स्वयंघोषणा चालते. किमान पाच विषय, त्यात निदान एक भाषा. नोंदणी पाच वर्षं टिकते आणि त्यात नऊ संधी मिळतात, म्हणजे पाचही विषय एका दमात देण्याची गरज नाही. मराठी माध्यम आहे. मराठी २०४, गणित २११, विज्ञान २१२ हे विषय क्रमांक अर्जात नीट तपासावेत.

लोक फसतात ते विषय निवडताना. सोपे पाच घेतले, गणित-विज्ञान टाळलं, आणि अकरावी सायन्सचा अर्ज भरताना ते लक्षात आलं. स्वाध्यायांना २० टक्के भार असतो, तेही शेवटच्या दिवसावर टाकू नयेत. गणितालाही प्रात्यक्षिक असतं, हे ऐकून बरेच जण चमकतात.

११ जानेवारी
शाळेतून काय काय मिळत होतं ते आता जाणवू लागतं. खिचडी, गणवेश, पुस्तकं दिसत होतीच. शिष्यवृत्ती परीक्षेचा अर्ज शाळेमार्फतच जातो, आठवीची एनएमएमएस ही केंद्राची शिष्यवृत्ती सरकारी-अनुदानित शाळांतल्या मुलांसाठीच असते, आणि शालेय क्रीडा स्पर्धांच्या १४, १७, १९ वर्षांखालच्या गटांत उतरायला शाळेचं बोनाफाईड लागतं. कबड्डी-खोखो खेळणाऱ्या मुलाचा प्रश्न यात सगळ्यात अवघड. क्लबमार्फत, संघटनेच्या स्पर्धांत जागा शोधावी लागते, आणि लहान गावात क्लब म्हणजे बहुधा ती शाळाच असते. ‘मित्र कुठून आणणार’ याचं उत्तर मात्र तितकं अवघड नाही. संध्याकाळी पाचनंतर सगळीच पोरं घरी असतात.

४ मार्च
परतायचं असेल तर हे दिवस विचारपूस करण्याचे. कायद्याच्या कलम ४ प्रमाणे १४ वर्षांपर्यंतच्या मुलाला वयानुरूप वर्गात बसता येतं, आणि कलम ५ प्रमाणे दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा आहे, म्हणून शक्यतो या दोन वर्गांत अधेमधे शिरू नये.

घरशाळेतलं मूल परतताना गणितात सहसा अडत नाही, लिहिण्याच्या वेगात अडतं. घरी तोंडी उत्तरं चालतात, तिथे सलग दोन तास पेन चालवावं लागतं. आठवड्यातून दोनदा एकेरी रेघी कागद, समोर घड्याळ, मध्ये उठायचं नाही. पहिल्या दिवशी वीस मिनिटांतच हात दुखतो. मे महिन्यापर्यंत दीड तासावर आलं तरी जूनला निभावतं.